शंभरात नऊ

आबांना शंभरात नऊ गुण पडले, हे त्यांना जेवणाआधी सांगावं की जेवणानंतर, याचा विचार वृषाली पणजीपासून गाडी चालवताना करत आली होती. शेवटी पायरीवर चपला काढता काढताच तिनं सांगून टाकलं.

"नव?" जनार्दन तारी ओटीवर बसून गळांच्या दोरीचा पीळ काढत होते. "शंभरात?"

"हो, आबा."

"आणि बाबलाक?"

तिनं टॅबलेटवर बोट फिरवलं. "एकेचाळीस."

आबांचा हात थांबला. शहात्तर वर्षांत त्यांनी दोन वादळं, एक फुटलेली होडी आणि बायकोचं जाणं सोसलं होतं. पण आपल्याच बोटीवरचा बाबल आपल्यापेक्षा चौपट खरा ठरला, हे काही त्यांना सोसवेना.

"अगो, तो बाबल आपला वय इचारल्यार धा वर्सां कमी सांगता! त्याका एकेचाळीस?"

"यंत्र वय विचारत नाही. मासे कुठे लागले ते विचारतं."

"मगे माका नव बरोबर आसा," आबा म्हणाले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिनं आत जाऊन पाणी आणून दिलं. हसण्यासारखं काय होतं ते तिला कळलं नाही.

यंत्राचं नाव सागरपट. उपग्रहांकडून ते समुद्राचं तापमान, पाण्याचा गढूळपणा आणि प्रवाह घेई. कोणत्या जिवाला काय मानवतं याची मोठी यादी त्याच्या पोटात होती. या दोन्हींचा मेळ घालून, माणसानं कधी न पाहिलेल्या जागीसुद्धा तिथं काय राहत असेल याचा नकाशा ते काढून देई. अडचण एवढीच होती की उपग्रहाला तळ दिसत नाही. तळाला खडक आहे, वाळू आहे की चिखल, हे ठाऊक असतं ते पिढ्यान्‌पिढ्या तिथं गळ सोडणाऱ्या माणसाला. म्हणून दोन हजार चाळीस साली किनाऱ्यावर बोटी चालवणाऱ्या नऊशे तांडेलांच्या आठवणी नोंदवायला सुरुवात झाली. सांगणाऱ्या प्रत्येकाला यंत्र एक विश्वासांक देई. खडकात राहणारा मासा चिखलात मिळाला असं कुणी सांगितलं, की त्याचे गुण कापले जात.

मालवण ते देवगड ही पट्टी वृषालीकडे आली, तेव्हा तिनं सुरुवात घरापासूनच केली. वेळणेबंदरला ती जेव्हा जेव्हा आली, तेव्हा तेव्हा जेवण झाल्यावर टॅबलेट घेऊन आबांसमोर बसली. मागच्या खेपेला गळ कुठे सोडले, किती वाव खोल पाणी होतं, काय लागलं आणि माशाशिवाय आणखी काय वर आलं, एवढेच प्रश्न. तीन वर्षांत अशा साठ नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या एकोणीस नोंदींत एक चीज होती, जिच्यामुळे तिला झोप लागत नसे. आबा तिला 'चामड्याचो पट्टो' म्हणत.

वृषाली समुद्रशैवालांची अभ्यासक होती आणि तिला संशय होता की हा पट्टा केल्पचा आहे.

केल्पला शेवाळ म्हणताना जीभ अडखळते. काही जातींत ते माडाहूनही उंच वाढतं. त्याला मुळं नसतात. खडकाला गच्च धरून ठेवणारा एक पंजा असतो, त्यावर लवचीक देठ आणि त्यावर तपकिरी-सोनेरी पाती. शेकडो जातींचे मासे त्या पात्यांच्या आडोशानं अंडी घालतात आणि पिल्लं तिथंच मोठी होतात. या जंगलाला तीन गोष्टी लागतात: पंजा रोवायला खडक, पात्यांना ऊन आणि अंगाला गारवा. म्हणून ही जंगलं थंड समुद्रांच्या कडेनं पसरलेली आहेत आणि आपल्या कोमट किनाऱ्याला ती नाहीत, असं पुस्तकं सांगत. पण विषुववृत्ताजवळच्या काही बेटांशेजारी, पाणी नितळ असल्यामुळे ऊन साठ-सत्तर मीटर खाली उतरतं तिथं, गार थरात लपलेलं केल्प सापडलं होतं. तिकडे ओमानच्या किनाऱ्यालाही, पावसाळी वारे खालचं गार पाणी वर ओढतात तेव्हा, ते माजतं. मग आपल्याकडे का नसावं? किनाऱ्यापासून साठ मैलांवर पाण्याखाली सोनखडप नावाचा मोठा खडकाळ उंचवटा होता. त्याच्या उतारावर पाणी नितळ होतं आणि भरतीबरोबर खोलातला गारवा वर चढत होता. पृष्ठभागाजवळची जंगलं उष्ण होत चाललेल्या पाण्यानं जगभर विरळ होत असताना, इथं कोमट समुद्राला सरावलेलं केल्प मिळालं, तर ती नुसती बातमी ठरली नसती. ते बियाणं ठरलं असतं.

पण आबांच्या नोंदी नकाशावर टाकल्या की उत्तर-दक्षिण अठ्ठावीस मैलांची एक फरफट दिसे. अर्ध्या जागा चिखलात होत्या, काही तर दोनशे मीटर पाण्यात. यंत्रानं नऊ गुण दिले ते उगाच नाही.

"एकतीस मार्चला वीसच्या खालच्या सगळ्या नोंदी काढून टाकणार आहेत," तिनं जेवताना सांगितलं. सरंगा आबांनीच रांधला होता. "त्या नकाशावरून सोनखडपाला पवनचक्क्यांचे नांगर बसणार. वायव्येचा उतार रिकामा दिसतोय, म्हणून तिथंच खडकात भोकं पाडणार."

"पवनचक्क्यो बऱ्यो. वीज होई तर."

"मीही नको म्हणत नाही. पण तिथं रिकामं नसेल तर? आबा, एकदा नीट सांगा. पट्टा नक्की कुठे लागतो?"

आबांनी हात धुतले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं, जरा वेळ ओठ हलवले आणि आकडे सांगितले. तिनं ते टिपले. एकसष्टावी नोंद. नकाशावर तो ठिपका सरळ चिखलात जाऊन पडला.

तिला राग आला. तो तिनं दिसू दिला नाही, आणि चार वाजता ती निघाली.

"गाडी सावकाश चालव गो," आबा फाटकात उभे राहून म्हणाले. "आणि त्या यंत्राक सांग, बाबल खोटो आसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चहाचा पेला घेऊन बंदरावर गेले आणि किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसले. बाबल येऊन शेजारी बसला. त्यानं पाव तास गप्पा मारल्या. डिझेलबद्दल, जावयाबद्दल, गुडघ्याबद्दल. एकाही गोष्टीला उत्तर येईना म्हणून तो रागावून उठला, तेव्हा त्याला कळलं.

वृषाली रडली नाही. करायचं ते सगळं तिनं नीट केलं. माणसांना कळवलं, भटजींना यादी विचारली, आलेल्यांना चहा दिला. रात्री उशाशी पुस्तक घेऊन पडे आणि एकच पान चारदा वाचे.

बाराव्याला जेवणं झाल्यावर घरापुढच्या खळ्यात म्हातारे तांडेल पान लावत बसले. कुणीतरी आबांनी एका अधिकाऱ्याला कासव म्हणून पालथी टोपली कशी दाखवली ते सांगितलं, आणि बघता बघता खळं हसण्यानं भरून गेलं. मुंबईहून आलेल्या चुलतबहिणीला ते काही बरं दिसेना. वृषालीला मात्र बारा दिवसांत पहिल्यांदा घरात हवा आल्यासारखं वाटलं. ती दाराशी येऊन उभी राहिली.

"खोटा बोलणारो खूप बघलंय," बाबल सांगत होता. "पण जनार्दनासारखो हिशोबान खोटा बोलणारो नाय. एकादशीक इचारलास तर अकरा मैल फसलास म्हणान समजा!"

पुन्हा हशा.

"म्हणजे काय, बाबलकाका?" वृषालीनं विचारलं.

बाबलनं जीभ चावली. बाकीचे पानाच्या देठांकडे पाहू लागले.

"सांग रे आता," दुसरा एक म्हातारा म्हणाला. "तेचा चेडू ता. आणि तो काय आता परत गळ टाकूक येता?"

बाबलनं पान गालात सरकवलं. "हां बघ, बाय. माशाचो जागो तोंडान खरो सांगलो की जागो जाता. मासो ऱ्हवणा नाय थय. आमच्यात असाच आसा. पण आपल्या माणसाक पुरता फसवणा पण पाप. म्हणान खोटा बोलाचा, पण उलगडणारा बोलाचा. परत्येक तांडेलाची रीत येगळी. तुझ्या बापाशीची रीत तिथीची. ज्या दिवशी इचारलास त्या दिवशीची तिथ बघायची. उजवाडाचो पंधरवडो आसलो तर तितके मैल दक्षिणेक सांगायचे, काळोखाचो आसलो तर उत्तरेक."

"आणि अमावास्येला?"

"अमाशेच्या तिथीक आकडो खय आसता? म्हणान अमाशेक खोटा नाय. आमका खरो जागो होयो आसलो की आमी अमाशेची वाट बघू!"

"हे सगळ्यांना माहीत होतं?"

"बोटीरल्या चौघांका."

"आणि मला सांगितलं नाही." तिचा आवाज जरा वर गेला.

"तू इचारलंस खय?" बाबल शांतपणे म्हणाला. "तू जागो इचारलंस. 'तुमी सांगतास ता खरा काय', असा बापाशीक कधी इचारलंस? तो वाट बघी. माका म्हणा, चेडू शिकलेला आसा, एक दिवस पकडतला माका."

वृषाली आत गेली. आबांच्या खोलीत खाटेवर बसून तिनं टॅबलेट उघडला. आबांच्या दिनदर्शिका भिंतीला एकीवर एक तशाच टांगलेल्या होत्या, कुठलीच काढून टाकलेली नव्हती. तिनं एकसष्ट तारखा काढल्या आणि प्रत्येकीसमोर तिथी लिहू लागली.

चौथ्या-पाचव्या तारखेला तिच्या लक्षात आलं की आपण काय लिहितो आहोत. ही यादी आबांच्या खेपांची नव्हती, तिच्या स्वतःच्या घरी येण्याची होती. वैशाख शुद्ध तृतीया: आंब्याची पेटी न्यायला आली होती. भाद्रपद शुद्ध षष्ठी: गणपतीत वीज गेली होती आणि आबांनी मेणबत्तीच्या उजेडात सहा मैल खोटं सांगितलं होतं. माघ वद्य द्वादशी: तिला ताप होता, पेज पाजता पाजता बारा मैल. आश्विन अमावास्या, लक्ष्मीपूजन: ती दर वर्षी येई. तीन वर्षं, तीन नोंदी.

त्या तीन नोंदी तिनं आधी टाकल्या. तिन्ही ठिपके एकमेकांवर बसले. सोनखडपाचा वायव्य उतार.

मग बाकीच्या अठ्ठावन्न नोंदींना तिनं तिथीप्रमाणे मागे सरकवायला सांगितलं. अठ्ठावीस मैलांची ती फरफट हलली. दक्षिणेचे ठिपके वर निघाले, उत्तरेचे खाली. चिखलातले, खोल पाण्यातले, सगळे धावत सुटले आणि दाणा टाकल्यावर तळ्यातले मासे जमावेत तसे त्या तिघांभोवती दाटीवाटीनं येऊन थांबले.

वृषाली हसली. मोठ्यानं, थांबवता न येणारं. खळ्यातले म्हातारे खिडकीशी जमले.

"गावलां?" बाबलनं गजांतून विचारलं.

"सापडलं!" तिनं डोळे पुसत यंत्राला नवे गुण विचारले. "आबांना चौऱ्याण्णव."

"आणि माका?"

"एकेचाळीसच."

"माझी रीत येगळी आसा," बाबल म्हणाला. "ती मी मराच्या आधी सांगणा नाय."

पणजीच्या संस्थेतले तिचे वरिष्ठ डॉ. गद्रे पडद्यावर बराच वेळ कपाळ चोळत राहिले. कोरडा, नेमका माणूस. "म्हणजे तुमचा प्रस्ताव असा, की एकसष्ट निरीक्षणं पंचांग पाहून दुरुस्त करायची."

"हो, सर."

"पंचांग हा शब्द अहवालात दिसता कामा नये."

"मग काय लिहू?"

"चांद्र दिनांकाधारित सुधारणा." त्यांनी पुन्हा कपाळ चोळलं. "ठिपके जमले तेव्हा मी तीनदा पाहिलं, वृषाली. तीनदा. पाणकावळा देतो तुम्हाला. एका दिवसासाठी. पण नकाशावरचे ठिपके म्हणजे जंगल नव्हे. चित्रण आणा, एक पातं आणा. एकतीस तारखेच्या आत काही आलं नाही, तर वडिलांच्या नोंदी जातील आणि नांगर तिथंच बसतील. मला अडवता येणार नाही."

पाणकावळा म्हणजे संस्थेची बुडणारी यांत्रिक नौका, मोठ्या फणसाएवढी, पुढे दोन दिवे आणि एक चिमटा. बॅटरी तीन बुड्यांची. संस्थेचं जहाज गुंतलेलं होतं, म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती नौका घेऊन वृषाली आबांच्याच बोटीवर चढली. सुकाणूवर बाबल, सोबत बोटीवरचे उरलेले दोघे म्हातारे. पहाटे निघालेली बोट अकराच्या सुमाराला सोनखडपावर पोचली. वर काहीच खूण नव्हती. निळं, सपाट, शाईसारखं पाणी, आणि पाण्यात खोलवर गेलेल्या उन्हाच्या सळया.

आकड्यांनी दाखवलेल्या बरोबर त्या जागी तिनं पहिली बुडी सोडली. पडद्यावर तापमान उतरू लागलं. अठ्ठावीस, सव्वीस, चोवीस. साठ मीटरवर बावीस. तळ आला.

पांढरी वाळू. पोवळ्याचे तुकडे. एक खेकडा दिव्याकडे पाहून नांग्या उगारून उभा राहिला.

दोन तास तिनं पाणकावळा इकडून तिकडे फिरवला. वाळू, वाळू आणि वाळू. खेकडे मात्र तीन.

"दुसरी बुडी इथंच थोडी पूर्वेला मारू," ती म्हणाली. आकडे खरे होते. ठिपके खरे होते. मग चुकलं कुठे? की तिला तसं हवं होतं म्हणून ते ठिपके जमले? पोटच्या मुलीनं बापाच्या बाजूनं गणित केलं, असं कुणी म्हटलं, तर काय उत्तर द्यायचं?

बाबल तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होता. "ह्यां काय बघतंस तू?"

"आबांनी सांगितलेली जागा."

"ती बोटीची जागा."

"म्हणजे?"

"तू काय इचारी? आबा, गळ खय सोडलास? तेणा सांगितल्यान, बोट हय होती, हय सोडलंय." बाबलनं कपाळाला हात लावला आणि बाकीच्या दोघांकडे पाहून हसला. "अरे बघा रे, डॉक्टरीण! अगो, आमची दोरी मैलभर लांब. हय सोडतत आणि पाण्याची ओढ नेता थय जाऊन पडता. मासो काय बोटीखाली येऊन बसता? मासो दोरीच्या शेवटाक!"

तीन वर्षं तिनं तोच प्रश्न विचारला होता आणि त्यांनी त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. आधी तिला लाज वाटली आणि लगेच हसू आलं. खोटं होतं तेवढं उलगडलं होतं. जे खरं होतं त्यातच ती फसली होती.

"मग आता?"

"आता काय? दोरी सोडूया. ता यंत्र ऱ्हवांदे बाजूक."

त्यांनी गळ न लावलेली दोरी सोडली, टोकाला वजनं आणि वर तरंगणारा डबा बांधून. म्हाताऱ्यांचे हात एका लयीत चालू लागले. मधल्या एका जागेवर हात रिकामा पडत होता. तिथं आबा उभे राहायचे. वृषाली पुढे झाली आणि तिथं उभी राहून दोरी पुढे देऊ लागली. दोरीनं तिचे तळवे चरचरले. ओढीनं दोरी वायव्येला झुकली, लांबत गेली, पाऊण तासानं स्थिरावली.

दुसऱ्या बुडीला तिनं पाणकावळ्याला फक्त एवढंच सांगितलं: दोरी धरून चल.

दिव्याच्या उजेडात दोरी वाळूवरून निघाली. वाळू संपली. काळा खडक आला आणि दोरी त्याच्या कडेवरून खाली उतरली. अडुसष्ट मीटर. तापमान एकवीस. क्षणभर नुसता निळा अंधार दिसला. मग पडद्याच्या खालच्या कडेनं काहीतरी सोनेरी हललं.

एक पातं. शेजारी दुसरं. पाणकावळा पुढे सरकला आणि दिवे त्या उतारावर पसरले. खडकाच्या प्रत्येक फटीत पंजे रोवलेले, कमरेएवढी, कुठे पुरुषभर उंच पाती, एकाच वेळी एका बाजूला झुकणारी, एकाच वेळी परतणारी, जणू अख्खा उतार श्वास घेत होता. पात्यांमधून तांबोशी माशांचा घोळका उधळला. नखाएवढी पिल्लं देठांना बिलगून होती. दिवे जातील तिथवर तेच, आणि दिव्यांपलीकडेही तेच.

"मेलो मी!" बाबल ओरडला. "केवढो गोबरो तो! रे, बघ बघ, केवढो!" एका कपारीतून म्हशीच्या डोक्याएवढ्या माशानं तोंड बाहेर काढलं आणि दिव्याकडे त्रासिकपणे पाहिलं. तिन्ही म्हातारे पडद्याला असे चिकटले, की वृषालीला काही दिसेना. तिनं त्यांना कोपरानं ढकललं. त्यांनी तिला ढकललं. कुणीतरी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग आपण डॉक्टरीणबाईंना मारलं म्हणून ओशाळला. ती नाचायची तेवढी बाकी होती. एक पाय हलत होता, असं बाबलनं पुढे गावभर सांगितलं.

चिमट्यानं एक पातं वर आलं. हातात घेतल्यावर ते खरंच चामड्यासारखं जाड आणि थंडगार होतं, आणि उन्हात धरल्यावर मधासारखा उजेड त्यातून गळत होता. आत, डोळ्यांना न दिसणारे लाखो बीजकण असणार होते. कोमट समुद्रात गार कोपरा शोधून, कुणाला न कळता, हजारो वर्षं तग धरून राहिलेल्या झाडाचे. उष्ण झालेल्या दुसऱ्या किनाऱ्यांवर ते रुजतील का? तिला ठाऊक नव्हतं. पण उद्यापासून विचारता येणार होतं.

तिनं उपग्रह फोनवर डॉ. गद्रेंना कळवलं. ते म्हणाले, "मी पवनचक्कीवाल्यांना लगेच कळवतो. पूर्वेच्या वाळूवर त्यांना जागा आहे, ते हलतील. आत्ताच नेमकी जागा सांगा, लिहून घेतो."

वृषालीनं तोंड उघडलं. तिन्ही म्हातारे तिच्याकडे पाहत होते.

"लेखी पाठवते, सर. तोंडानं सांगत नाही."

"का?"

"इथली तशी पद्धत आहे."

म्हाताऱ्यांनी समाधानानं माना डोलावल्या.

"बरं," गद्रे म्हणाले. "शोध कुणाच्या नावावर लिहू? तुमच्या?"

"जनार्दन विठू तारी, तांडेल, वेळणेबंदर," ती म्हणाली. "मी फक्त दोरी धरली."

ऊन कलू लागलं. दोरी ओढून झाली. बाबलनं आणलेला नारळ पाण्यात सोडला, हात जोडले, आणि तो वृषालीकडे वळला.

"आता बापाशीक सांग."

"काय सांगू?"

"ता माका कित्याक इचारतंस? मी काय तेचा चेडू?" तो दोरीचं वेटोळं घेऊन बोटीच्या मागच्या टोकाला निघाला. "आणि भिया नको. आमी तिगंय बयरे आसोंव."

ती काठाशी जाऊन उभी राहिली. खाली पाणी इतकं नितळ होतं की तिची सावली बराच खोलवर गेली होती.

"आबा," ती म्हणाली, "अडुसष्ट मीटरवर आहे. तापमान एकवीस. उतार पूर्ण व्यापलेला..."

ती थांबली. हे सगळं तर ती त्यांना नेहमीच सांगत आली होती. आकडे, नावं, टक्के. ओटीवर बसून, पानावर बसून, फोनवर. ते ऐकत, मान डोलावत, आणि पुढचा मासा तिच्या पानात वाढत. दोघांनाही तेवढं पुरत होतं, असं तिला इतके दिवस वाटलं होतं.

बोटीच्या मागच्या टोकाला तीन बहिरे म्हातारे श्वास रोखून उभे होते.

"आबा," ती मोठ्यानं म्हणाली, साठ मैलांवर ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, "तुमी माका खूप आवडतास!"